महासत्तेची पत

शाळा-महाविद्यालयांच्या वक्तृत्वस्पर्धांत आणि निवडणुकांच्या जाहीर सभांत गेली पंचवीस वर्षे एक शब्द अखंड वावरतो आहे. तो म्हणजे 'महासत्ता'. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांनी १९९८ मध्ये 'इंडिया २०२०' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचा भर विकसित राष्ट्रावर होता. आपल्या फलकांवर मात्र महासत्ता हाच शब्द उरला. २०२० हे वर्ष येऊन गेले. आता मुदत २०४७ पर्यंत वाढली आहे. मुदत वाढवून घेण्यात गैर काही नाही. परंतु ज्या मुक्कामाला पोहोचावयाचे तो मुक्काम नेमका कोणता, हे ठाऊक नसताना मुदती ठरविणे म्हणजे गावाचे नाव न विचारता तिकीट काढण्यासारखे आहे.

महासत्ता कशाने होते, या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर शस्त्रांचे, दुसरे लोकसंख्येचे व भूभागाचे आणि तिसरे राष्ट्रीय उत्पन्नाच्या क्रमांकाचे. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण एकही पुरे पडत नाही. अण्वस्त्रे उत्तर कोरियाकडेही आहेत. त्या देशाला कोणी महासत्ता म्हणत नाही. लोकसंख्या हेच बळ असते, तर एकोणिसाव्या शतकात चीन आणि हिंदुस्थान या दोन देशांनीच जगावर राज्य केले असते. उत्पन्नाच्या क्रमांकाची गोष्टही तशीच. अँगस मॅडिसन या अर्थशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार १८२० च्या सुमारास जगातील एकूण उत्पादनाचा जवळजवळ एक-तृतीयांश हिस्सा एकट्या चीनचा होता. त्यानंतर अवघ्या वीस वर्षांत अफूच्या युद्धात त्याच चीनला ब्रिटनपुढे नमावे लागले.

'सुपर पॉवर' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ करण्याचे श्रेय विल्यम फॉक्स या अमेरिकन अभ्यासकाकडे जाते. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तीन महासत्ता गणल्या होत्या: अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटन. त्यांपैकी ब्रिटन पुढील बारा वर्षांत त्या यादीतून गळाला आणि सोव्हिएत युनियन तर १९९१ मध्ये नकाशावरूनच नाहीसे झाले. दोघांकडेही शस्त्रे होती, विस्तार होता, युद्ध जिंकल्याचा मानही होता. मग उणे काय पडले?

याचे उत्तर मराठीत एका जुन्या, लहानशा शब्दात सापडते. तो शब्द 'पत'. आपल्या भाषेत या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक बाजारातला: उधार मिळण्याची योग्यता. दुसरा समाजातला: प्रतिष्ठा. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, हा योगायोग नव्हे. गावचा दुकानदार माल उधार देतो तो सर्वांत धिप्पाड माणसाला नव्हे, किंवा ज्याचा वाडा सर्वांत मोठा त्यालाही नव्हे. ज्याच्या घरात कमावते हात आहेत, ज्याचा शब्द खाली पडत नाही आणि ज्याच्या मुलाबाळांच्या हातीही काही विद्या आहे, त्याला तो उधार देतो. राष्ट्रांचा व्यवहार याहून फारसा निराळा नाही. उत्पादन, शब्द पाळणाऱ्या संस्था आणि विद्या या तीन पेडांनी राष्ट्राची पत वळली जाते. ती असेल तेथे शस्त्रे आज ना उद्या येतात. ती नसेल तेथे आहेत ती शस्त्रेही परक्याच्या हाती जातात. हा सिद्धांत पडताळून पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मराठ्यांचाच इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

अटकेपार आणि दिल्लीचे छत

अठराव्या शतकाच्या मध्यावर हिंदुस्थानातील पहिल्या क्रमांकाची सत्ता कोणती, असे कोणी विचारले असते तर उत्तर निःसंशय 'मराठे' असेच आले असते. १७५८ मध्ये राघोबादादांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोर घेऊन अटकेपर्यंत गेल्या. 'अटकेपार झेंडे लावणे' हा वाक्प्रचार तेव्हापासून मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय होऊन बसला आहे. परंतु त्या मोहिमेची दुसरी बाजू पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. ती मोहीम पुण्याच्या खजिन्यात भर टाकून परतली नाही. ती मोठ्या कर्जाचा बोजा घेऊन परतली. थोरले बाजीराव रणांगणावर अजिंक्य होते, पण ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत शत्रूपेक्षा सावकारांचा धाक अधिक दिसतो.

१७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत पोहोचले तेव्हा फौजेला पगार देण्यास पैसा नव्हता. दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. शत्रूच्या राजधानीचे छत काढून घेण्याइतके बळ होते, पण स्वतःच्या राज्यातून महिन्याचा पगार वेळेवर पोहोचविण्याची व्यवस्था नव्हती, हे त्या सत्तेचे मर्म आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्याची लष्करी कारणे अनेक आहेत. पण उपाशी सैन्य घेऊन लढाईला उभे राहण्याची वेळ जी आली तिचे कारण अर्थशास्त्रात मोडते.

पानिपतानंतर मराठी सत्ता पुन्हा उभी राहिली, हे तिच्या जिवटपणाचे लक्षण होय. महादजी शिंद्यांनी काळाची पावले ओळखली होती. द बॉईन या फ्रेंच-सव्हॉयी सेनानीकडून त्यांनी कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्यास तोफा ओतण्याचे कारखाने काढले. त्या तोफा निकृष्ट नव्हत्या; १८०३ च्या युद्धात त्यांच्याशी गाठ पडल्यावर इंग्रज सेनापतींनाही त्यांची धास्ती वाटली. म्हणजे शस्त्रांच्या बाबतीत मराठे मागे नव्हते. मागे होते ते दोन गोष्टींत. पलटणी चालविणारे वरिष्ठ अधिकारी परके होते आणि त्यांना पोसणारी तिजोरी रिकामी होती. युद्धाला तोंड लागताच त्यांपैकी अनेकांनी नोकरी सोडली; शिंद्यांच्या उत्तरेकडील फौजेचा प्रमुख पेराँ हा तर इंग्रजांच्या आश्रयाला गेला. विद्या विकत घेता येते, पण ज्याने ती विकली त्याची निष्ठा विकत घेता येत नाही.

कंपनीने युद्ध कशावर जिंकले?

१२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पाठोपाठ २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली आणि १ नोव्हेंबरला उत्तरेत लासवारीची. तीन महिन्यांत शिंद्यांच्या बळाचा कणा मोडला. या विजयाचे श्रेय आपण बराच काळ इंग्रजांच्या शिस्तीला आणि आपल्या फितुरीला देत आलो. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने २००३ मध्ये या युद्धावर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने निराळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले: हिंदुस्थानात त्या काळी सैन्याचा एक बाजारच होता आणि त्या बाजारात अखेरपर्यंत बोली लावण्याची ऐपत कंपनीकडे होती.

ही ऐपत कंपनीकडे कोठून आली? लंडनहून जहाजे भरून सोने आले नव्हते. तिच्या युद्धखर्चाचा मोठा भाग सुरत आणि काशी येथील हिंदी पेढ्यांनी कर्जाऊ दिला. म्हणजे मराठी सत्तेचा पराभव करण्यास लागलेला पैसा पुष्कळसा येथल्याच पेढ्यांतून निघाला. याला केवळ देशद्रोह म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण सावकाराच्या जागी बसून पाहिले की चित्र बदलते. कंपनीचे रोखे मुदतीला वटत, व्याज ठरल्या दिवशी मिळे. आणि पुण्यात काय चालले होते? १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे पुण्यातील धनिकांना पकडून, छळ करून पैसा उकळत होता. जे सरकार आपल्याच राजधानीतल्या पेढीवाल्याला मारहाण करते, त्याला दुसऱ्या दिवशी कर्ज कोण देणार? राज्यकर्त्याने स्वतःला नियमाने बांधून घेतले नाही म्हणजे त्याची तलवार प्रथम त्याच्याच पतपुरवठ्यावर पडते.

ब्रिटनने हा धडा सतराव्या शतकातच गिरवला होता. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. राजाने घेतलेल्या कर्जाला पार्लमेंटने मंजूर केलेल्या करांची हमी मिळाली. परिणाम असा झाला की नेपोलियनविरुद्धच्या युद्धांच्या अखेरीस ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास गेले, तरी त्याला कर्ज देणारे आणखी पुढे येतच होते. उलट स्पेनकडे पहावे. अमेरिका खंडातील खाणींची चांदी शतकभर त्या देशात वाहत होती. तरीही दुसऱ्या फिलिप राजाने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये देणी थकविली. खाणीतून चांदी निघते, पत निघत नाही.

१८७५: पारनेरपर्यंत आलेला हादरा

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणास साम्राज्याचे कौतुक वाटू लागले असेल, तर त्याने पारनेर तालुक्याचा इतिहास आठवावा. महासत्तेच्या छायेत राहणे म्हणजे काय असते, याचा अनुभव या खडकाळ, पर्जन्यछायेतील तालुक्याने दीडशे वर्षांपूर्वी घेतला आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिकडचा कापूस बंद पडताच लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदी कापसाकडे धाव घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्याचे पाणी दख्खनच्या खेड्यापाड्यांतही पोहोचले. सावकार सढळ हाताने कर्जे देऊ लागले. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, भाव कोसळले आणि हात आखडले. त्यातच जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. कर्ज मिळेना आणि जुने कर्ज फिटेना, अशा कोंडीत रयत सापडली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी उद्रेक झाला. हे सुपे पारनेर तालुक्यातील सुप्याहून निराळे. परंतु त्याचे लोण नगर जिल्ह्यात येण्यास वेळ लागला नाही, आणि ज्या तालुक्यांत ते पसरले त्यांत पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत हे होते. रयतेने माणसे फारशी मारली नाहीत. तिने खते-रोखे आणि वह्या हस्तगत करून जाळल्या. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला.

या घटनेतून महासत्तेची एक व्यवहारी व्याख्या हाती लागते. ज्यांचे निर्णय दुसऱ्यांच्या बाजारातील भाव ठरवितात ती महासत्ता. आणि ज्यांचे भाव दुसऱ्यांच्या निर्णयांनी ठरतात ते अंकित. अमेरिकेत तोफ उडाली की पारनेरच्या रयतेचे देणे वाढते, पण पारनेरमध्ये वह्या जळाल्या म्हणून लंडनच्या बाजारात पान हलत नाही.

याच घटनेतून ब्रिटिश साम्राज्याची मर्यादाही दिसते. त्या साम्राज्याने आपली पत राखली ती लंडनच्या धनकोंपाशी. पारनेरच्या शेतकऱ्यापाशी ती राखण्याची त्याला गरज भासली नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मरत असताना विलायतेला जावयाच्या रकमा थांबल्या नाहीत. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा जो सिद्धांत मांडला आणि न्यायमूर्ती रानड्यांनी हिंदी उद्योगांच्या अभावाचे जे निदान केले, त्यांचा रोख येथेच होता. बाहेरच्या सावकारापाशी पत आणि घरच्या रयतेपाशी अविश्वास, असा हा दुभंग होता. तो साम्राज्याला अखेर भोवलाच.

ज्या पारनेरात रोखे जळाले, त्याच पारनेरात पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १८८० रोजी, पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म झाला. पुढे ते सेनापती बापट म्हणून विख्यात झाले. शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोस यंत्रशास्त्र शिकण्यासाठी गेले आणि परतताना बाँब तयार करण्याची विद्या घेऊन आले. महासत्ता कशी ओळखावी, याची दुसरी खूण येथे दिसते. तिच्याशी वैर करणाऱ्यालाही शिकावयास तिच्याच दारी जावे लागते.

सुएझचा कालवा आणि पौंडाची घसरण

धनकोचा ऋणको झाला म्हणजे महासत्तेचे काय होते, हे १९५६ मध्ये जगाने पाहिले. दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनला कर्जबाजारी केले होते. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांच्या परिषदेत जगाची नवी चलनव्यवस्था ठरली तेव्हा तिचा मध्य लंडनहून वॉशिंग्टनकडे सरकला. ३५ डॉलरना एक औंस सोने हा तिचा आधार होता. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी जुलै १९५६ मध्ये सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी हल्ला केला. रणांगणावर ते हरले नाहीत. परंतु पौंडाची घसरण सुरू झाली आणि ती थोपविण्यासाठी लागणारी मदत सैन्य मागे घेतल्याखेरीज मिळणार नाही, असे अमेरिकेने सुनावले. काही दिवसांतच युद्धबंदी झाली. ब्रिटनचे महासत्तापद तोफेने नव्हे, खात्यातील शिल्लक रकमेने संपविले.

सोव्हिएत युनियनची कथा उलट दिशेने तेथेच पोहोचते. १९५७ मध्ये स्पुटनिक आणि १९६१ मध्ये गागारिन अंतराळात पाठविणाऱ्या या देशाला १९७२ मध्ये अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणावर धान्य खरेदी करावे लागले. त्याच्या विद्येविषयी शंका नव्हती. पण ती विद्या क्षेपणास्त्रापर्यंत पोहोचली, शेतापर्यंत आणि दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचली नाही. शिवाय सरकारी आकड्यांवर खुद्द तेथील नागरिकांचा विश्वास राहिला नव्हता. तीन पेडांपैकी दोन तुटले आणि एकट्या तिसऱ्याला भार पेलला नाही.

चीनने हा धडा नीट वाचला असे दिसते. १९७८ पासून त्याने प्रथम शेती, मग कारखाने आणि मग प्रयोगशाळा असा क्रम धरला. २००१ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत शिरला आणि २००९ मध्ये वस्तूंच्या निर्यातीत पहिला आला. एप्रिल २०२५ मध्ये त्याने काही दुर्मीळ मृदाधातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतातील मोटारनिर्मात्यांनाही चिंता पडली. भाव ठरविणारी पारनेरची जुनी व्याख्या येथेही लागू पडते. तरीही चीनच्या चलनात ठेवी ठेवण्यास जग अजून बिचकते. कारण तेथे राज्यकर्त्याला बांधणारा नियम कोणता, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही.

अमेरिकेची स्थितीही निर्वेध राहिलेली नाही. १५ ऑगस्ट १९७१ रोजी तिने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले, तरी जगाने डॉलर सोडला नाही. कारण तिची विद्यापीठे, तिची न्यायालये आणि तिचा बाजार यांवर विश्वास होता. २०२२ मध्ये रशियाची परकीय गंगाजळी गोठविण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत आयातकर लादला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात मूडीज या संस्थेने अमेरिकेचा सर्वोच्च पतदर्जा काढून घेतला. पत हे शस्त्र म्हणून वापरता येते. पण प्रत्येक वापरासरशी तिची धार थोडी कमी होते.

भारताचा हिशेब

आता भारताकडे वळू. स्वातंत्र्यानंतर दोन प्रसंगी या देशाला आपली पत काय आहे ते कळून चुकले. पहिला प्रसंग १९६५-६६ चा. लागोपाठ दोन दुष्काळ पडले आणि १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले. त्यात मोठा वाटा अमेरिकन गव्हाचा होता. भारताने व्हिएतनामविषयी मत मांडले म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी ती जहाजे हात राखून सोडली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. दुसरा प्रसंग १९९१ चा. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले आणि त्या वर्षीच्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने गहाण ठेवण्यासाठी परदेशी रवाना केले.

हे दोन्ही प्रसंग आपण पचविले, ही लहानसहान गोष्ट नव्हे. गव्हासाठी हात पसरणारा देश आज धान्य निर्यात करतो. सोने गहाण टाकणाऱ्या रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले, आणि २०२४ मध्ये इंग्लंडात ठेवलेले शंभर टनांहून अधिक सोने मायदेशी आणले. भारत आज जगातील पहिल्या पाच मोठ्या अर्थव्यवस्थांत गणला जातो आणि २०२३ पासून लोकसंख्येतही तो पहिला आहे.

परंतु त्याच वहीतील पुढील पानही वाचले पाहिजे. दरडोई वार्षिक उत्पन्न भारतात अडीच-पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास आहे. चीनमध्ये ते तेरा हजारांच्या घरात आहे. देशातील सुमारे पंचेचाळीस टक्के कामकरी शेतीत आहेत आणि त्यांच्या वाट्याला येणारे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. संशोधनावर भारत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांहून अधिक, दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. आणि 'असर' या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे दिसून आले आहे की ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना दुसरीचे पुस्तक धड वाचता येत नाही. महादजींच्या तोफा उत्तम होत्या, पण त्या चालविणारे वरिष्ठ अधिकारी आणि ओतणारी बुद्धी परकी होती, याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

लोकसंख्या आणि आकारमान यांना काहीच किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. हॉलंडकडे सतराव्या शतकात युरोपातील सर्वोत्तम पत होती. पण देश लहान पडला आणि मोठ्या शेजाऱ्यांनी त्याला मागे टाकले. जपानने संपत्ती आणि विद्या दोन्ही मिळविल्या, तरी संरक्षणासाठी तो अमेरिकेवर विसंबून राहिला. आकार हा महासत्तेला आवश्यकच आहे. तो निसर्गाने आणि इतिहासाने भारताला दिला आहे. जे दिलेले नाही आणि कमवावे लागते, त्यावरच चर्चा व्हावयास हवी.

सुपे ते राळेगण

पुणे-नगर रस्त्यावरील सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत आज परदेशी कंपन्यांची नावे वाचावयास मिळतात. घरगुती विद्युत् उपकरणे बनविणाऱ्या एका चिनी कंपनीचा कारखानाही तेथे उभा आहे. ज्या माळरानावर कुसळाखेरीज काही उगवत नव्हते तेथे रोजगार आला, हे स्वागतार्हच आहे. पण यंत्राचा आराखडा, त्याचे पेटंट आणि किंमत ठरविणारे टेबल अन्यत्र असेल, तर त्या कारखान्याने देशाच्या उत्पादनात भर पडते, विद्येत पडत नाही. चीनने स्वतः परदेशी कारखान्यांना असेच बोलाविले होते. फरक एवढाच की त्याने त्यांच्या शेजारी आपल्या तंत्रशाळा उभारल्या आणि तीस वर्षांत शिष्याचा गुरू झाला. सुप्याच्या कारखान्यात पारनेरचा तरुण केवळ जोडणी करणारा राहणार, की वीस वर्षांनी आराखडा करणारा होणार, या एका प्रश्नात महासत्तेचे अर्धे उत्तर आहे.

उरलेले अर्धे उत्तर सुप्यापासून फार दूर नसलेल्या राळेगणसिद्धीत शोधता येईल. १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे पाणी अडविण्याचे काम सुरू झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे अशी गोष्ट निराळी आहे. बांध सिमेंटने आणि श्रमदानाने बांधता येतो. पण चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी टिकते ती शेजारीही नियम पाळील या भरवशावर. त्याच गावात धान्य बँक निघाली. सुगीत ज्याच्याकडे अधिक आहे त्याने ठेवावे, अडचणीत ज्याला हवे त्याने न्यावे आणि पीक आल्यावर परत करावे. ज्या तालुक्यात १८७५ मध्ये रोखे जळाले, त्याच तालुक्यात शंभर वर्षांनंतर माणसांनी आपसांत पत निर्माण केली. त्याच जिल्ह्यात १९५० मध्ये विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करून हेच सूत्र उद्योगात आणले होते.

मात्र ही पत एकदा कमावली की कायम राहते, असे समजणे भ्रम ठरेल. याच जिल्ह्यातील, शंभरी ओलांडलेल्या एका नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये रद्द केला. ठेवीदाराच्या दृष्टीने पाहता, पुण्याच्या पेढीवाल्याने १७९८ मध्ये जे अनुभवले त्याच जातीचा हा अनुभव होय. बँकेचा हिशेब, परीक्षेची प्रश्नपत्रिका, न्यायालयाची तारीख आणि सरकारी आकडेवारी या चार गोष्टींवर ज्या देशातील सामान्य नागरिकाचा विश्वास डळमळतो, त्या देशाला बाहेरून कोणी महासत्तेचे प्रमाणपत्र दिले तरी त्याचा उपयोग भिंतीवर टांगण्यापलीकडे होत नाही.

हे काम कोणाचे? दिल्लीचे तर आहेच. संशोधनावर किती खर्च करावा, न्यायालयांतील रिकाम्या जागा केव्हा भराव्या, हे निर्णय तेथेच व्हावयाचे. पण ज्या पाचवीतील मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही त्याला वाचावयास शिकविण्याचे काम कोणतेही मंत्रालय करू शकत नाही. ते वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचे आहे. नोंद खरी करण्याचे आणि दाखला वेळेवर देण्याचे काम टेबलापाशी बसलेल्या कारकुनाचे आहे. पाठ केलेल्या उत्तरापलीकडे प्रश्न विचारण्याचे काम विद्यार्थ्याचे आहे. ही कामे वक्तृत्वस्पर्धेच्या विषयाइतकी भव्य दिसत नाहीत. बँक ऑफ इंग्लंडच्या कारकुनाने ठरल्या दिवशी व्याज चुकते केले, तेव्हा आपण साम्राज्य उभारीत आहोत असे त्यालाही वाटले नसेल.

अटकेपार गेलेल्या घोड्यांचा अभिमान मराठी माणसाने अवश्य बाळगावा. त्याबरोबर दिल्लीच्या त्या उतरविलेल्या छताचीही आठवण ठेवावी. तेवढी ठेवली, तर २०४७ मध्ये आपण कितव्या क्रमांकावर असू, यापेक्षा आपला शब्द घरात आणि बाहेर किती किमतीला वटतो, हा प्रश्न अधिक अगत्याचा वाटू लागेल.